पिवळी गेली, पांढरी आली

१२ जानेवारी

गांधीनगरात राहायला आले आणि अंगावर गांध्या उठल्या, असा विनोद मी सकाळी केला. राममूर्तींना तो कळला नाही. ते माझ्या दंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फार लाल अहे."

लाल तर आहेच. पाठ, दंड, मांड्या. खाजवून खाजवून रक्त येतं. सांगलीत आयुष्यात कधी पित्त उठलं नव्हतं. इथे येऊन, म्हणजे लग्न करून, तिसरा महिना चालू आहे, आणि त्यातला बहुतेक काळ मी खाजवण्यात घालवला. आधी वाटलं पाणी बाधलं. मग सांबाराची चिंच सोडली, साबण बदलला, सुती साड्या काढल्या. काही फरक नाही.

एकोणसाठाव्या वर्षी दुसरं लग्न करणाऱ्या बाईला ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांत खाज नव्हती. माझी मुलगी स्वरदा इथे मद्रासजवळ सिरुसेरीला नोकरी करते, तिच्या ऑफिसातल्या एका मुलीचे राममूर्ती हे मामा. निवृत्त भूगोल शिक्षक, विधुर, अड्यारच्या या गांधीनगरात स्वतःचं घर, खाली थोरली बहीण अलमेलू अक्का. पोरींनीच जमवलं. मी सांगलीच्या कोर्टात स्टेनो होते. जन्मभर लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या. कोण खरं बोलतं आणि कोण पाठ केलेलं बोलतं, हे मला आवाजावरून कळतं असा माझा समज आहे. यांचा आवाज मला खरा वाटला होता.

यांची मराठी मात्र तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वीची. काल मित्रमंडळींत म्हणाले, "मी हिला पुसलों." मी म्हटलं, "काय पुसलंत, फरशी?" सगळे हसले. तेही हसले. नंतर जेवताना फार बोलले नाहीत.

सकाळी उठले की पाण्याचा पेला आणि माझी थायरॉइडची गोळी घेऊन उभे असतात. सांगलीत ती गुलाबी होती. इथल्या डॉक्टरांनी डोस वाढवला तेव्हापासून पिवळी आहे, छान अंड्याच्या बलकासारखी. मी गिळेपर्यंत हलत नाहीत. आधी या काळजीचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, एवढं काय बघायचं?

१७ जानेवारी

पोंगलच्या निमित्तानं यांच्या नात्यात जेवण होतं. पानात केशरी वाढली, म्हणजे आपला शिराच, पण भडक केशरी रंगाचा. मी घास उचलणार तोच यांनी वाटी माझ्या पानातून उचलून स्वतःच्या पानात ठेवली. सगळ्यांदेखत.

"हे नको खाऊ."

"का?"

"नको मणतों ना."

लाडू आला तोही नको. जिलेबी नको. पायसम चालेल, ते पांढरं होतं. मी काय लहान मूल आहे? समोर अलमेलू अक्का बसल्या होत्या. हात धुताना मी त्यांना विचारलं, हे पहिल्यापासून असेच का? त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "कनकाच्या वेळी त्यानं लक्ष घातलं नाही. आतां घालतो."

कनका ही पहिली बायको. चार वर्षांपूर्वी गेली. कशानं गेली हे मला "शुगर" एवढ्या एका शब्दात सांगितलं गेलं आहे. मी जास्त विचारलं नाही. त्यांनीही माझ्या पहिल्या नवऱ्याबद्दल विचारलं नाही. दोघांनाही ते सभ्यपणाचं वाटलं असावं.

"आतां घालतो" या दोन शब्दांवर मी परतीच्या रिक्षात विचार करत होते.

२३ जानेवारी

आज जे बघितलं ते लिहून ठेवणं भाग आहे.

यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. स्वरदाचा फोटो शोधायचा म्हणून मी उघडला. त्यात माझ्या हातांचे फोटो. पाठीचे फोटो. मानेचा एक. मी दुपारी झोपले असताना काढलेले. एकात माझं तोंड अर्धवट उघडं आहे. फोटो एका दिवसाचे नाहीत. कुठे गांध्या कमी, कुठे जास्त.

फोन होता तसा ठेवला. ते भाजी घेऊन आले, मला म्हणाले, वांगी चांगली मिळाली. मी म्हटलं, छान.

झोपलेल्या बाईचे फोटो माणूस कशासाठी काढतो? कोर्टात असते तर पुढचा प्रश्न हा असता. आणि मग असा की, औषध लागू पडतंय की नाही हे बघणारा माणूस नोंद कशी ठेवतो? तर अशीच ठेवतो.

मी स्वतःला म्हटलं, शैला, डोकं ठिकाणावर आण. तरी संध्याकाळी कॉफी निम्मी ओतून दिली.

२८ जानेवारी

पिवळी गेली, पांढरी आली.

काल "जरा जाऊन येतों" म्हणून सकाळीच बाहेर पडले ते जेवायच्या वेळी आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, डॉक्टरकडे. कोणाला काय झालं? "तुजसाठींच गेलों." माझ्यासाठी, मला न घेता.

आज सकाळी हातावर दोन पांढऱ्या गोळ्या. रंग नाही, चमक नाही, खडूचे तुकडे असावेत तशा.

"या कुठल्या?"

"तेंच औषध. रंग नाहीं, येवढंच. डॉक्टर मणाले रंग नको. पिवळींत एक होती, ह्यांत दोन घ्यायच्या."

"कंपनी कुठली?"

"दुसरी."

"पाकीट दाखवा."

पाकीट आणून दाखवलं. नाव वेगळं, छाप वेगळा. खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव तेच दिसलं, पण ताकद निम्मी. मी म्हटलं, निम्मी का? म्हणाले, म्हणून तर दोन. उत्तर बरोबर होतं. फार लगेच आलं. पाठ केल्यासारखं.

गिळल्या. ते बघत होते.

२ फेब्रुवारी

आज गिळल्या नाहीत. गालात धरल्या, पाणी प्याले, मान मागे टाकली. ते समाधानानं वळले. मग बाथरूममध्ये जाऊन काढून ठेवल्या. पावडरच्या रिकाम्या डब्यात. पुरावा टाकायचा नसतो.

थायरॉइडची गोळी थोडे दिवस नाही घेतली तर कोणी मरत नाही. आमच्या कोर्टातल्या एका बाईंनी वर्षभर सोडली होती, फक्त जाड झाल्या.

१० फेब्रुवारी

अंग स्वच्छ झालं!

एकही गांधी नाही. परवापासून खाज नाही. काल पहिल्यांदा मी रात्रभर झोपले. आरशात पाठ बघितली, डाग फिकट होत चाललेत.

म्हणजे गोळ्यांतच होतं. मी बंद केल्या आणि थांबलं. याहून सरळ पुरावा काय हवा? बरं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. कारण मी बरोबर होते तर मग मी कुणाच्या घरात राहते आहे?

तेही माझा दंड बघून खूश झाले. टाळी वाजवली, अक्षरशः. "गेलं की! पूर्ण गेलं!" खाली अक्कांना हाक मारून सांगितलं. किती उत्तम सोंग वठवतात.

५ मार्च

मधे लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बेझंट नगरला समुद्रावर जातो. ते मला वारे कुठून वाहतात ते सांगतात. ऐकायला आवडतं, हेही खरं आहे. त्यांनी उकडलेल्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या. शेंगेत काही घालता येत नाही.

डब्यात गोळ्या साठत चालल्या आहेत. हेतू मात्र सापडत नाही. माझ्याजवळ घेण्यासारखं काय आहे? माणूस चांगला असण्याचं मला एवढं भय का वाटतं, असंही एकदा मनात आलं. ते वाक्य इथे लिहिलं आणि खोडणार होते. राहू दे.

२६ मार्च

फार झोप येते. दुपारी जेवून पडले की दिवेलागणीला जाग. पाय जड. समुद्रावर जाणं मीच बंद केलं. चेहरा सुजल्यासारखा वाटतो, बांगड्या चढत नाहीत. केस कंगव्यात झुपक्यांनी येतात.

गोळ्या तर मी घेत नाही. मग काय?

तर जेवण. नाहीतर कॉफी. कॉफी तेच करतात, डिकॉक्शन पहाटेच गाळून ठेवतात आणि मला हात लावू देत नाहीत.

९ एप्रिल

मद्रासचे लोक उकाड्यानं हैराण आहेत आणि मला थंडी वाजते. आज सांगलीहून आणलेला स्वेटर काढला. पंखा बंद करायला सांगितला. राममूर्ती घामानं निथळत बसले होते, पण पंखा लावला नाही. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "थंड अहेस. डॉक्टरकडे जाऊं."

"कुठल्या? तुमच्याच ना?"

"तुज आवडेल त्या."

"नको."

माझा आवाज घोगरा झालाय. फोनवर स्वरदा म्हणाली, आई, कोण बोलतंय असं वाटलं.

१४ एप्रिल

तमिळ नवं वर्ष. अक्कांनी कडुनिंबाच्या फुलांची आणि गुळाची पचडी पाठवली. कडू-गोड. चाखली नाही.

आज कॉफीचे पेले बदलले. ते दार उघडायला गेले तेव्हा माझा त्यांच्याकडे सरकवला. ते माझी कॉफी पूर्ण प्याले. पेपर वाचला. जिना उतरले, चढले. काही झालं नाही.

मग मला सुचलं की त्यांना सवय असेल. हे सुचलं आणि बराच वेळ तेच खरं वाटत राहिलं. विचार चिखलातून चालल्यासारखे येतात.

संध्याकाळी विचारलं, "कनकाला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "मज तें बोलायचं नाहीं, शैला. आज नको."

बोलायचं नाही! साक्षीदारानं असं म्हटलं की आमचे साहेब चष्मा काढायचे.

१९ एप्रिल

स्वरदाला सगळं सांगितलं. फोटो, पानातून उचललेली वाटी, पिवळी, पांढरी, अंग स्वच्छ होणं, आता ही थंडी. सांगताना जीभ जड होत होती. तिनंच हे लग्न लावून दिलं, म्हणून मी इतके दिवस तिला काही सांगितलं नव्हतं.

शेवटी म्हणाली, "आई, तू कपडे भर. मी येते."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी रडले.

२१ एप्रिल

पेरुंगुडी. स्वरदाचा फ्लॅट. नवव्या मजल्यावर, खाली रस्ता, सगळीकडे काचेची ऑफिसं.

ती मला न्यायला अड्यारच्या घरात शिरली तेव्हा राममूर्ती इडलीचं पीठ ढवळत होते. तिनं फक्त एवढंच सांगितलं, आई काही दिवस माझ्याकडे राहील. त्यांनी विचारलं, "मज कांहीं चुकलं काय?" आम्ही पिशव्या उचलल्या. हात पिठाचेच होते. ते धुवायचे विसरून खाली रिक्षापर्यंत आले आणि गोळ्यांची पाकिटं स्वरदाच्या पिशवीत घातली. "सकाळीं, रिकाम्या पोटीं, दोन," म्हणाले.

पावडरचा डबा मी स्वरदाला दिला. तपासून घे म्हटलं. ती म्हणाली ओळखीत कुणी लॅबमध्ये आहे का बघते. पाकिटं मी तिच्या कचऱ्यात टाकली.

३० एप्रिल

इथेही बरं नाही. उलट जास्त. ते रोज डबा पाठवतात, रसम, भात, कोबीची भाजी. मी खात नाही. स्वरदा खाते. तिला काही होत नाही.

ती ऑफिसातून येते तेव्हा मी सकाळच्याच खुर्चीत असते. ती म्हणाली, आई, आता त्यांच्या घरात नाहीस, त्यांचं खात नाहीस, मग? मला उत्तर लवकर येत नाही. शब्द शोधावे लागतात. मी म्हटलं, तूही तुझ्या त्या काकांशी फोनवर बोलतेस. ती उठून आत गेली.

७ मे

खोकला. थंडी.
हात नीट चालत नाही अक्षर बघ
स्वरदा कोणाशी बोलते दाराआड. काका काका म्हणते.

२० मे

पेन धरता येतंय, म्हणून लिहिते.

आठ तारखेला स्वरदानं मला उठवलं, मी उठले नाही. नाडी फार मंद, अंग गार, छातीत कफ. हॉस्पिटलमध्ये आणलं. अतिदक्षता विभागात होते म्हणतात, मला काही आठवत नाही. एक स्वप्न मात्र आठवतं, समुद्रावर कोणीतरी मला वाऱ्यांची नावं सांगत होतं.

डॉक्टर विजयेंद्र आज बराच वेळ बसले. राममूर्ती जानेवारीत ज्यांच्याकडे गेले होते ते हेच. त्यांनी इंग्रजीत, मग माझ्याकडे बघून आणखी सोप्या इंग्रजीत सांगितलं. मी समजले ते असं.

गोळीत खरं औषध मोहरीच्या दाण्याहूनही कमी असतं. बाकी सगळं भरण, गोळीला आकार यावा म्हणून. त्यातच रंग. रंगानं रोग बरा होत नाही. गोळी ओळखता यावी, एक ताकद दुसरीत मिसळू नये, दिसायला बरी वाटावी, यासाठी तो घालतात. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला एखादा रंग सोसत नाही. मला तो पिवळा सोसत नव्हता. पित्त त्यानं उठत होतं. तोच रंग मिठाईत असतो, सरबताच्या पुडीत असतो. पांढरी गोळी म्हणजे तेच औषध, रंगाशिवाय.

"तुमचे मिस्टर फोटो घेऊन आले होते," डॉक्टर म्हणाले. "कुठल्या दिवशी काय खाल्लं, कुठल्या दिवशी पित्त वाढलं, सगळं तोंडपाठ. त्यांचंच म्हणणं होतं की गोळी पिवळी झाल्यापासून सुरू झालं. मी रंग नसलेली दिली, आणि पित्त गेलं. बरोबर?"

बरोबर. मी पांढरी चार-पाच दिवस तरी घेतलीच होती. पिवळी बंद झाली म्हणून अंग स्वच्छ झालं. मी समजले, सगळ्याच बंद केल्या म्हणून.

"थायरॉइड इतकं खाली गेलं की माणूस सुस्तावतो, गारठतो, कधीकधी संशयही घेऊ लागतो," ते म्हणाले. "स्वतःला फार दोष देऊ नका."

डॉक्टरांनी मला चांगली पळवाट दिली. पण मी तारखा बघितल्या. संशय जानेवारीत आला. गोळी फेब्रुवारीत सुटली.

२१ मे

नर्स एक केशरी गोळी घेऊन आली, जीवनसत्त्वाची. फाइल उघडली आणि स्वतःच परत घेऊन गेली. फाइलवर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, रंगीत गोळी देऊ नये. मी विचारलं, डॉक्टरांनी लिहिलं? ती म्हणाली, नाही, तुमच्या मिस्टरांनी आमच्याकडून लिहून घेतलं, पहिल्याच दिवशी.

ते आहेत कुठे?

२३ मे

स्वरदानं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

हॉस्पिटलच्या पहिल्या दिवशी तिनंच त्यांना फोन केला. ते धावत आले. डॉक्टर विचारत होते, गोळ्या नियमित चालू असताना असं होणं शक्य नाही, नीट आठवा. राममूर्ती शपथेवर सांगत होते, घरीं होती तोंवर रोज माझ्या डोळ्यांसमोर घेत होती, मी स्वतः देत होतों. तेव्हा स्वरदाला तो डबा आठवला. तिच्या पर्समध्ये होता, तपासायला द्यायचा राहून गेलेला. तिनं तो टेबलावर उपडा केला.

डॉक्टरांनी एक गोळी उचलून छाप बघितला आणि म्हणाले, औषध बरोबर आहे. मग हे पोटात का नाही?

"मग मी बोलले, आई. तू मला जे सांगितलं होतंस ते. काका समोरच होते."

"काय म्हणाले?"

"तुला शुद्ध येईपर्यंत बाहेर बाकावर बसून होते. तू डोळे उघडलेस असं मी सांगितलं, तेव्हा उठले आणि घरी गेले. परत आले नाहीत."

१ जून

पेरुंगुडीला परत. दोन पांढऱ्या गोळ्या रोज, स्वतःच्या हातानं. स्वेटर धुऊन ठेवला. आज पहिल्यांदा मला उकडलं आणि इतका आनंद झाला की मी स्वरदाला ओरडून सांगितलं.

दुपारी अलमेलू अक्का आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बसनं, एकट्या. बसल्या, पाणी प्याल्या. मी त्यांच्या पाया पडले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"रागवायला आलें नाहीं. सांगायला आलें. तो सांगणार नाहीं मणून." पदरानं मान पुसली. "कनका गोळ्या घेत नव्हती. शुगरच्या. तिज वाटायचं गोळ्यांनीं मूत्रपिंड जातं. खिडकींतून टाकायची. हा शाळेंत, पोरांचे पेपर, नकाशे. पाहिलं नाहीं. पाय काळा पडला तेव्हां पाहिलं. लोकांनीं तोंडावर मटलं, मास्तर, बायको मरत होती तेव्हां कोठें होतास?"

अक्कांनी पेला खाली ठेवला.

"तेव्हां तो कनकाकडे पाहत नव्हता, शैला. तुजकडे पाहत होता. रोज पाहत होता. तरी तूही टाकलीस."

त्या रस्त्यावर दिसेनाशा होईपर्यंत मी खिडकीतून बघत होते. कोर्टात माझ्यासमोर शेकडो माणसांची तोंडं पडली असतील. तेव्हा माझी नजर कागदावर असायची.

४ जून

मी अड्यारला गेले. रिक्षा केली, स्वरदाला सांगितलं नाही. जिना चढताना दम लागला, दोनदा बसले.

त्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. आत ये म्हणाले नाहीत, पण दारातून बाजूला झाले. मी सोफ्याच्या कडेला बसले, पाहुणी बसते तशी.

"मी विष घालतों असं वाटलं तुज?"

"हो."

"खरंच वाटलं?"

"खरंच वाटलं. मी कॉफीचे पेलेही बदलले."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या मुलानं उत्तर चुकीचं पण प्रामाणिकपणे दिलं असावं. मग उठून पंखा बारीक केला.

"मी सांगितलों होतों," ते म्हणाले. "रंग नको मणून."

"सांगितलं होतंत. मी तुमचा आवाज तपासत बसले, शब्द ऐकले नाहीत."

"मीही थोडंच सांगितलों. पूर्ण सांगायला पाहिजे होतं. फोटो पुसून काढायला..." थांबले. "विचारून काढायला पाहिजे होते. पण माझ्या बोलण्याला तूं हसतेस. मणून मी थोडं बोलतों. काम मात्र करतों."

माफी मागितली. ती त्यांनी ऐकली. स्वीकारली की नाही ते सांगितलं नाही. मी विचारलं, घरी येऊ? ते म्हणाले, "मज आतां भय वाटतं. तूं माझ्याकडे पाहशील आणि मज वाटेल, ही काय समजतेय? सकाळीं कॉफी देतांना आधीं मीच घोट घेऊन दाखवीन."

रिक्षापर्यंत सोडायला मात्र आले. रिक्षावाल्याला तमिळमध्ये सांगितलं, सावकाश ने, हिला बरं नाही.

९ जून

संध्याकाळी बेल वाजली. राममूर्ती. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हातात काही नाही. "ह्या बाजूला काम होतं," म्हणाले. पेरुंगुडीत निवृत्त भूगोल मास्तरांचं काय काम असणार? स्वरदानं कॉफी केली. तिघं बसलो. ते अर्धा तास मेट्रोच्या कामावर बोलले आणि उठले.

१० जून

पुन्हा आले. पुन्हा काम होतं.

१४ जून

रोज येतात. बसनं. आज कामाचा उल्लेखही केला नाही. स्वरदाला उशीर होणार होता, म्हणून कॉफी मी केली. पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बदलूं काय?" मला कळेना हसावं की रडावं. ते मात्र हसत होते. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझी थट्टा केली.

मी त्यांना म्हटलं, कनकाबद्दल सांगा, सांगावंसं वाटलं तर. त्यांनी सांगितलं. रोगाबद्दल नाही. ती गायची, तिला दक्षिण ध्रुवाची भीती वाटायची, असं. मीही माझ्या पहिल्या नवऱ्याबद्दल बोलले. आमचं हे असं बोलणं लग्नाआधी व्हायला हवं होतं. तेव्हा आम्ही फक्त रक्तदाब आणि पथ्यपाणी विचारून घेतलं होतं.

त्यांच्या बोलण्यातला एक शब्द मला कळला नाही. मी अर्थ विचारला. त्यांनी समजावून सांगितला. एवढं सोपं होतं.

२२ जून

स्वरदाला सर्दी झाली, तिनं औषधाच्या दुकानातून खोकल्याचं औषध आणलं, लालभडक. मी बाटली हातात घेऊन मागचं सगळं वाचून काढलं. रंगाचं नाव अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात. ती म्हणाली, आई, मला काही होत नाही गं. नाही होत. पण संशय घ्यायचा तर तो आता बाटलीवर घ्यावा.

ते नेहमीच्या वेळी आले. जोराचा पाऊस येऊन गेला होता, चपला दाराबाहेर काढून ओल्या पायांनी उभे राहिले. मी टॉवेल दिला. स्वरदा आत निजली होती. मी मनात वाक्य जुळवत होते, आणि ते चप्पल घालायला उठले तेव्हा वाक्य नसतानाच विचारलं.

"मला घरी नेता का?"

ते एका पायात चप्पल घालून तसेच थांबले. भिंतीला हात टेकवला. मला वाटलं, आता पुन्हा भय म्हणतील.

"उद्यां विचार," म्हणाले.

"उद्या हो म्हणाल?"

"तें ठाऊक नाहीं. पण आज विचारलीस, तें मज आवडलं. उद्यांही विचार."

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी उंबऱ्यात उभी होते.